चौकात सिग्नल की सर्कल, आणि पाणीपट्टीला हो की नाही? (कोपरखैरणे)

खजिनदारबाई, कोपरखैरणे

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण सोसायटीने ते एकाच कागदावर मागितलेत म्हणून इथेही एकत्रच टाकते.

मे २०२० पासून नवी मुंबईत प्रशासक होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि इतक्या वर्षांनी पुन्हा नगरसेवक आले. आमच्या प्रभागातले एक जण नवे आहेत, अजून उत्साह टिकून आहे. त्यांनी आसपासच्या सोसायट्यांना निरोप धाडला : चौकाचं काय करावं, आणि पुढेमागे पाण्याच्या दराचा विषय सभागृहात निघाला तर मी काय बोलावं, तुमचं म्हणणं लेखी द्या. अध्यक्षांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सेक्रेटरींना लिहायचा कंटाळा. कागद आला खजिनदाराच्या गळ्यात. मी एपीएमसीत मसाला मार्केटला एका पेढीवर हिशेब लिहिते, त्यामुळे 'बाईंना आकड्यांचं कळतं' असा सोसायटीत समज आहे.

आधी चौक. एक रस्ता स्टेशनकडून येतो आणि खाडीच्या बाजूच्या सेक्टरांत शिरतो, दुसरा वाशीकडून घणसोलीला जातो. एका कोपऱ्यावर शाळा, समोर मेडिकल, तिसऱ्यावर रिक्षा स्टँड आणि त्याला चिकटूनच एनएमएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बसचा थांबा. सिग्नलचा खांब आहे, पण त्यावर पिवळा दिवा नुसता उघडझाप करतो. स्टेशनकडून येऊन वाशीकडे डावीकडे वळायचा कोपरा इतका ऐसपैस कापलाय की दुचाकीवाले ब्रेकला बोटही लावत नाहीत, आणि शाळेचं फाटक नेमकं त्या वळणाच्या पोटात. दुभाजकातली शोभेची झुडपं खांद्याइतकी वाढलीत. तिसरी-चौथीतलं पोर त्यातून बाहेर येईपर्यंत कुणाला दिसत नाही.

सभेत तीन मतं पडली. एक, सिग्नल चालू करा. दोन, मोठं सर्कल करा, मध्ये कारंजं नाहीतर एखादं फ्लेमिंगोचं शिल्प. तीन, दुभाजक बंद करून टाका, ज्याला वळायचंय तो पुढून यू-टर्न घेईल. (दुसऱ्या मताचे लोक संख्येने जास्त. मी म्हटलं, चौकात फ्लेमिंगो नको, आधी झेब्रा आणा. कुणी हसलं नाही.)

आता पाणी. आमची ४८ घरं, बाहेर रस्त्याकडेला एकच मीटर. महिन्याला साधारण ११०० युनिट, म्हणजे अकरा लाख लिटर. पाण्याचं बिल इतकं किरकोळ की आजवर कुणी त्याकडे पाहिलं नाही. लिफ्ट आणि पंपाचं कॉमन मीटरचं वीजबिल त्याच्या कितीतरी पट येतं. तरी 'पाणीपट्टी वाढ' हा शब्द उच्चारला की सगळे उठून उभे राहतात. एका सदस्यांनी तर सौदाच मांडला : चौक पदरात पाडून घ्यायचा तर पाणीपट्टीला हो म्हणून टाका, पैसे कुठून तरी यायला नकोत का?

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते कागदावर मांडता येत नाहीये. चौकासाठी नेमकं काय मागावं? आणि दरवाढीला सरळ 'नाही' लिहावं की काही अटी घालाव्यात? ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी सांगा. नुसती 'सिस्टीमच खराब' छापाची उत्तरं नकोत, ती आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर आहेत.

---

घोडबंदरकर

ताई, तुमच्या पाण्याच्या तक्रारीवर आम्ही ठाणेकरांनी हसावं की रडावं? तुमच्याकडे खालापूरजवळ स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे. 'तीस हजार लिटर पन्नास रुपयांत' हे वर्षानुवर्षं ऐकून आमचे कान किटले. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. रोज ५८५ दशलक्ष लिटरची जुळवाजुळव करायची, त्यात स्वतःच्या योजनेचं २५०, एमआयडीसीचं १३५, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं ११५ आणि मुंबई महापालिकेचं ८५. काळू आणि शाई या धरणांची नावं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आमच्या संकुलात एप्रिल-मेमध्ये टँकर मोजायला वॉचमनला वेगळी वही दिलीय. टँकरवाला दरवाढीसाठी कुणाचा ठराव मागत नाही.

चौकाबद्दल एकच सांगतो. कुणी 'उड्डाणपूल' हा शब्द काढला तर तिथेच थांबवा. घोडबंदर रस्त्यावर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे पूल होऊन जमाना झाला. सरळ जाणारा वरून सुटतो, मान्य. पण ज्याला खाली रस्ता ओलांडून पलीकडे जायचंय तो पुलाच्या सावलीत उभाच असतो. आणि आता वर मेट्रोचे खांब.

---

पाणीवाले काका, बेलापूर

खजिनदारबाई, मी पाणीपुरवठ्यात उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. कुठल्या शहरात ते महत्त्वाचं नाही, मीटर सगळीकडे सारखेच.

आधी तुमच्या सदस्यांचा सौदा निकालात काढू. पाण्याचे पैसे आणि चौकाचे पैसे एका खिशातले नाहीत. पाणीपट्टीतून पंपांची वीज, तुरटी-क्लोरीन, गळती दुरुस्ती, माणसं हा रोजचा खर्च भागवायचा असतो. चौक हे भांडवली काम, त्याची तरतूद अंदाजपत्रकात रस्त्यांच्या शीर्षात. तेव्हा पाणीपट्टीला हो म्हटल्याने चौक होणार नाही, आणि नाही म्हटल्याने अडणारही नाही. कागदावर दोन विषय दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा, जमलं तर दोन वेगळे कागदच करा. एकाच कागदावरचे दोन विषय दोन खात्यांत फिरतात आणि दोन्हीकडून 'आपला विषय नाही' असा शेरा घेऊन परत येतात. जाता जाता, तुमचं वीजबिल हा तिसराच प्रांत. महावितरणचे दर वीज नियामक आयोग ठरवतो, नगरसेवकाच्या हातात ते नाहीत.

आता दरवाढ. लोक टक्के विचारतात. तुम्ही टप्पे विचारा, ज्याला आपण स्लॅब म्हणतो : किती युनिटांपर्यंत कुठला दर.

तुमचे ११०० युनिट भागिले ४८, म्हणजे घरामागे तेवीसच्या आत. तीस युनिटांचा टप्पा धरला तर तुम्ही आरामात आत आहात. चार माणसांच्या घराला, शहरासाठीच्या माणशी रोज १३५ लिटरच्या मापाने, महिन्याला सोळा हजार लिटरच्या आसपास पुरतात. म्हणजे तीस हजारांचा टप्पा चांगलाच सैल आहे. उद्या कुणी दर न वाढवता हा टप्पा तीसवरून वीसवर आणला तर? वर्तमानपत्रात 'पाणीपट्टीत वाढ नाही' अशी बातमी येईल आणि तुमचं बिल मात्र वाढेल. म्हणून प्रस्ताव आला की पहिला प्रश्न टप्प्याच्या मर्यादेचा.

दुसरा प्रश्न, टप्पा ओलांडला की वाढीव दर कशाला लागतो? फक्त वरच्या युनिटांना, की सगळ्याच युनिटांना? नुसतं उदाहरण घ्या, हे खरे दर नव्हेत. समजा तीसपर्यंत ५ रुपये आणि वर १० रुपये. घराचा वापर ३२ युनिट. वरच्या दोनच युनिटांना १० लावले तर १७० रुपये. सगळ्या बत्तीसला लावले तर ३२०. वापर तोच, पाणी तेच. हे ठरावाच्या एका ओळीत दडलेलं असतं आणि ती ओळ सहसा कुणी वाचत नाही.

तिसरा प्रश्न तुमच्यासारख्या एका मीटरच्या सोसायट्यांचा. टप्पा मोजताना घरांची संख्या किती धरली आहे? ४८ धरली पाहिजे. जुन्या जोडणीच्या नोंदीत कुठे ४० असेल तर तेवीसचे साडेसत्तावीस होतात. बिलावर घरसंख्या छापलेली असते का ते पाहा, नसेल तर विभाग कार्यालयात विचारा. पाहण्यासारखं अजून एक : बंद घरं किती? सहा घरं बंद असतील तर राहत्या बेचाळीस घरांचा खरा वापर सव्वीसवर जातो. म्हणजे तीसची कड तुम्हाला वाटते तितकी लांब नाही.

आणि हे सगळं करण्याआधी मीटरचं झाकण उघडा. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे युनिटचे, लाल आकडे त्याहून लहान मापाचे, लिटरचे. तबकडीवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोण असतो. पाण्याची वेळ असताना जमिनीखालची टाकी भरू द्या, बॉलकॉक (टाकीतला तरंगत्या गोळ्याचा नळ) बंद झाला की मीटरपाशी जाऊन बसा. चांदणी थांबली पाहिजे. संथ फिरत राहिली तर बॉलकॉक नीट बसत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून सरळ गटारात जातंय. मी सांगतो, दहातल्या चार सोसायट्यांत ती फिरत असते. हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे.

बाकी दरवाढीला मुळातच विरोध मी करणार नाही. केंद्राच्या २००८ च्या सेवा-मापदंडांत पाण्याचा चालू खर्च पाण्याच्या वसुलीतूनच शंभर टक्के निघावा असं म्हटलंय. पण त्याच यादीत हिशेबाबाहेरचं पाणी, म्हणजे गळती-चोरीत जाणारं, ज्याचं बिलच होत नाही ते, वीस टक्क्यांच्या आत ठेवा, असंही लिहिलंय. पहिलं कलम सगळे वाचून दाखवतात, दुसरं तुम्ही वाचून दाखवा.

---

खजिनदारबाई, कोपरखैरणे

काका, वॉचमनला घेऊन गेले होते. झाकणावर कुणीतरी कुंडी ठेवली होती, ती उचलली. आत कोळ्याचं जाळं, काचेवर चिखल. ओल्या फडक्याने पुसलं. टाकी काठोकाठ भरलेली, बॉलकॉक वर आलेला, आणि ती चांदणी आपली गरागरा नाही पण मजेत फिरत होती. प्लंबरला बोलावलंय. बिलावर घरसंख्या शोधतेय. अक्षरं इतकी बारीक आहेत की आमच्या अध्यक्षांना दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं तरी दिसायची नाहीत.

चौकाचं कुणी सांगेल का?

---

नकाशेवाली, ऐरोली

मी वाहतूक नियोजनात काम करते. तिन्ही मतांवर क्रमाने बोलते.

सर्कल दिसायला छान दिसतं, पण त्याला जागा आणि शिस्त दोन्ही भरपूर लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत एक ढोबळ मर्यादा दिली आहे : सगळ्या बाजूंनी मिळून तासाला सुमारे ३००० वाहनं आत शिरतात, तोवर सर्कल नीट चालतं. त्यापुढे ते स्वतःच कोंडतं, कारण आतला बाहेर पडल्याशिवाय बाहेरचा आत येत नाही आणि आपल्याकडे आतल्याला आधी जाऊ देण्याची पद्धत फारशी रुजलेली नाही. शिवाय सर्कलमध्ये चालणाऱ्याची हक्काची वेळ कुठेच नसते. गाड्या थांबतच नाहीत. शाळेसमोर मी सर्कल सुचवणार नाही. कारंजं तर नाहीच, मधोमध उंच काही आलं की समोरचं दिसत नाही आणि लोक सेल्फीसाठी रस्ता ओलांडतात.

दुभाजक बंद करणं सगळ्यात स्वस्त, म्हणून ते सगळ्यात आधी सुचतं. पण यू-टर्न अर्धा किलोमीटर पुढे असेल तर दुचाकीवाला आणि रिक्षावाला तिथवर जात नाही, तो उलट्या दिशेने येतो. आणि चालणारा दुभाजकावरून उडी मारतो. तुम्ही वर्णन केलेल्या झुडपांतून.

राहिला सिग्नल. सिग्नल चालू करा एवढंच लिहू नका. किती सेकंद, ते लिहा. चालण्याचा वेग हिशेबाला सेकंदाला १.२ मीटर धरतात. तुमचा रस्ता दोन्ही बाजू मिळून किती रुंद आहे? समजा २४ मीटर. म्हणजे धडधाकट माणसाला २० सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजीचा वेग ०.८ धरला तर ३० सेकंद. गाड्यांचा हिशेब करून उरलेले दहा-बारा सेकंद पादचाऱ्यांच्या पदरात टाकले तर आजी दुभाजकापर्यंतच पोचतात. मग दुभाजकात उभं राहायला सपाट, कठडा असलेली जागा हवी आणि त्या जागेच्या दोन्ही अंगांना झुडपं गुडघ्याखाली हवीत.

तुमच्या चौकाचा खरा रोग मात्र तो डावीकडचा गोल कोपरा आहे. 'फ्री लेफ्ट' म्हणजे सिग्नल लागला तरी एक बाजू कायम वाहती. सिग्नलचे सेकंद कितीही वाढवले तरी शाळेच्या फाटकासमोर ते लागूच होत नाहीत. तिथे कोपऱ्याची गोलाई कमी करायची, पदपथ पुढे आणायचा, म्हणजे गाडीला वळताना वेग टाकावाच लागतो. ओलांडायची जागा पदपथाच्या उंचीला आणायची, गाडीने चढून उतरावं, मुलाने नाही. पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून खुंट ठोकायचे, पण व्हीलचेअर जाईल इतकं अंतर ठेवून. हे काम उड्डाणपुलाच्या तुलनेत चिल्लर खर्चाचं आहे. उद्घाटनाला फीत कुठे बांधायची ही एक अडचण सोडली तर त्यात अडचण नाही.

आणि मोजणी करा. मागणीला वजन त्यानेच येतं. शाळा भरताना आणि सुटताना, मग संध्याकाळी गाड्या स्टेशनवर रिकाम्या होतात तेव्हा. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा. दुचाकी, रिक्षा, कार, बस वेगवेगळ्या लिहा, कारण सगळ्या सारखी जागा अडवत नाहीत. चालणाऱ्यांचा रकाना स्वतः आखा, आणि त्यात शाळेच्या गणवेशातली मुलं वेगळी मोजा. तुमच्या गॅलरीतून चौक दिसतो का?

---

रूम नं. माहीत नको

मी माथाडी वसाहतीतला, तुमच्याच कोपरखैरण्यातला. पाणीवाले काका, तुमचं ४८ घरांचं गणित बरोबर, पण आमचं पण घ्या की त्यात.

आमच्या बैठ्या खोल्या होत्या, आता वर दोन मजले चढलेत. खाली आम्ही, वर भाऊ, त्याच्या वर भाडोत्री. तीन चुली, जोडणी एक, मीटर एक, नाव वडिलांचं. चुलीमागे पंधरा युनिट धरा, झाले पंचेचाळीस. तुमच्याच उदाहरणाने तीसला ५ आणि वरच्या पंधराला १०, म्हणजे ३०० रुपये, चुलीमागे शंभर. तुमच्या इमारतीत तेच पंधरा युनिट वापरणारं घर ७५ देणार. म्हणजे 'जास्त वापरणाऱ्यावर जास्त दर' असं म्हणत म्हणत दाटीवाटीने राहणाऱ्यावरच जास्त दर बसतो. गावठाणातल्या घरांचं पण हेच.

मजले बरोबर की चूक ते वेगळं भांडण, ते इथे नका काढू. पाणी तर सगळेच पितात. ताई, तुम्ही कागद लिहिताय तर 'जोडणीवर नाही, कुटुंबावर टप्पा मोजा' एवढी ओळ टाका. आम्हाला कुणी सोसायटी म्हणून निरोप पाठवत नाही.

---

पाणीवाले काका, बेलापूर

हा मुद्दा बरोबर आहे आणि पाण्याच्या दरांवर बोलणाऱ्यांत जुना आहे. चढत्या टप्प्यांचा दर एका जोडणीमागे एक कुटुंब असं गृहीत धरतो. उपाय सोपा नाही, कारण कुटुंबं किती हे ठरवणार कोण? शिधापत्रिका, वीज मीटर, मालमत्ता कराची नोंद, प्रत्येकात वेगळा आकडा निघतो. वीज मीटर त्यातल्या त्यात विश्वासाचं, कारण भाडोत्री आला की बऱ्याचदा वेगळं मीटर घेतलं जातं. 'एका पाणीजोडणीवर जितकी घरगुती वीज मीटर तितके टप्पे' अशी मागणी करून पाहा. नाकारतील, पण नाकारताना कारण लिहावं लागेल.

---

एमएच ४३ रिक्षा

चौकाबद्दल सगळे बोलले, स्टँडवाल्याला कुणी विचारलं नाही. मी त्याच चौकातला नसेन, पण चौक सगळे सारखेच.

स्टँड कोपऱ्यावर का असतो? पॅसेंजर कोपऱ्यावर येतो म्हणून. तुम्ही स्टँड शंभर मीटर आत ढकलला तर दोन दिवस आम्ही जाऊ, तिसऱ्या दिवशी परत कोपऱ्यावर, कारण पॅसेंजर तिथे उभा राहून हात करतोय. बसथांबा आणि स्टँड चिकटून असेल तर बस मधल्या लेनमध्ये थांबणार, तिच्या मागे सगळे. बसथांबा चौक ओलांडल्यावर पुढे न्या. चौकाच्या आधी नको. मग बस थांबली तरी चौक मोकळा. स्टँड जिथे आहे तिथेच ठेवून एका रांगेचा करा आणि पॅसेंजरसाठी पदपथाला कठड्यात एकच तोंड ठेवा. लोक तिथूनच येतील.

आणि पिवळा दिवा लुकलुकतो त्याचा अर्थ सावकाश जा असा आहे, हे लायसन्सच्या परीक्षेपुरतं सगळ्यांना माहीत असतं.

---

खजिनदारबाई, कोपरखैरणे

सगळ्यांचे आभार. रविवारी सोसायटीतली नववी-दहावीची पोरं गच्चीवर बसवली होती, आता शाळेच्या दिवशी सकाळी बसवायची आहेत, कारण रविवारची मोजणी घेऊन गेले तर माझंच हसं होईल. रस्त्याची रुंदी टेपने मोजली : दुभाजकासह साडेतेवीस मीटर. नकाशेवाली ताईंचा अंदाज जवळपास तंतोतंत.

टेप धरताना एक गोष्ट दिसली जी आम्ही रोज पाहतो आणि पाहत नाही. झेब्रा जिथे असायला हवा, नेमक्या त्याच पट्ट्यात पाण्याच्या व्हॉल्व्हचा चेंबर आहे. त्याचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं खाली. दर वेळी डांबराचा थर चढला, झाकण तिथेच राहिलं. दुचाकीवाले तो खड्डा चुकवायला पदपथाच्या बाजूला सरकतात, म्हणजे जिथे मुलं उभी असतात तिकडे. चौक आणि पाणी हे दोन वेगळे विषय आहेत म्हणता म्हणता ते इथे एकाच खड्ड्यात भेटले की हो काका.

कागद दोनच करतेय. मसुदा असा, भाषा सुधारा :

पहिला, चौकाबाबत. सर्कल व उड्डाणपूल नको. दुभाजक बंद करू नये. शाळेकडील डाव्या वळणाची गोलाई कमी करून पदपथ पुढे घ्यावा व ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीत उंच करावी. सिग्नलमध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र ३० सेकंद. दुभाजकात थांबण्याची जागा, झुडपांची उंची गुडघ्याखाली. बसथांबा चौकापलीकडे. काम सुरू करण्यापूर्वी व्हॉल्व्ह चेंबर झेब्राबाहेर हलवावा किंवा झाकण रस्त्याच्या पातळीत आणावं. सोबत मोजणीचा तक्ता.

दुसरा, पाणीदराबाबत. वाढीला सरसकट विरोध नाही. परंतु तीस युनिटांचा टप्पा कमी करू नये. वाढीव दर फक्त टप्प्यावरच्या युनिटांना लावावा. एका मीटरवरील सोसायटीत प्रत्यक्ष घरसंख्या धरावी. एका जोडणीवर अनेक कुटुंबं असतील तेथे घरगुती वीज मीटरच्या संख्येइतके टप्पे द्यावेत. दरवाढीच्या प्रस्तावासोबत हिशेबाबाहेरच्या पाण्याचं प्रमाण सभागृहापुढे ठेवावं.

कुटुंबांची ओळ आमच्या कमिटीत दोघांना खटकली. 'आपला काय संबंध?' मी म्हटलं, सही खजिनदाराची आहे, खटकत असेल तर लिहायला या. कुणी आलं नाही.

---

नकाशेवाली, ऐरोली

छान. चेंबरचं वाक्य पहिल्या कागदात सगळ्यात वर घ्या. रस्ता खात्याने पेव्हर बसवायचे आणि महिन्याभरात पाणी खात्याने ते उचकटायचे, हे टाळायचं असेल तर एकाच आराखड्यावर दोन्ही खात्यांच्या सह्या मागा. वाहतूक पोलिसांनाही प्रत द्या, सिग्नलच्या वेळा त्यांच्याशिवाय ठरत नाहीत.

---

पाणीवाले काका, बेलापूर

'सरसकट विरोध नाही' हे वाक्य शेवटी न्या. सुरुवातीला ठेवलंत तर वाचणारा तिथेच थांबेल आणि 'नागरिकांची संमती' असं टिपण करेल.

वेळेचं भान ठेवा. पुढच्या वर्षीचे करांचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात, अधिनियमातच तसं आहे. त्यानंतर अंदाजपत्रकाच्या चर्चेत कितीही टेबलं बडवली तरी दर हलत नाहीत. तेव्हा दराचा कागद दिवाळीनंतर लगेच पुन्हा एकदा द्या, जुन्या कागदाचा संदर्भ देऊन. चौकाचा आत्ताच द्या, पावसाळ्यात खोदकाम बंद असतं आणि तेवढ्यात आराखडा तरी होतो.

दोन्हींच्या दोन-दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नगरसेवकांना द्यायची ती झेरॉक्स. आणि प्लंबर येऊन गेला की चांदणी थांबली का ते कळवा.

---

खजिनदारबाई, कोपरखैरणे

थांबली. वायसर झिजला होता.